मुळा-मुठेचा मासा कावेरीत

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात कटथ्रोट ट्राउट नावाचा मासा असतो. जबड्याखाली सुरीने काप मारल्यासारखी तांबडी रेघ, म्हणून हे भयंकर नाव. १८०५ साली लुईस आणि क्लार्क यांची तुकडी मिसूरी नदीच्या मोठ्या धबधब्यांपाशी पोचली, तेव्हा त्यांच्यातल्या एका गळबाज सैनिकाने हा मासा पकडला. पुढे १८३६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, त्यात क्लार्कचं नाव चिकटलं. आजही तिकडचे लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला लावून हा मासा पकडतात. आपल्यातला जो कुणी ऑनसाइटला डेन्व्हरला जाऊन येतो, त्याच्या फोटोंत असा एक तरी माणूस असतोच.

या प्रकारात एक गंमत आहे. साध्या गळाला पुढे वजन असतं, ते फेकलं की दोरी त्याच्यामागे जाते. खोट्या माशीला वजनच नाही. म्हणून इथे दोरी जाड आणि जड असते, फेकायची ती दोरीच, आणि माशी बापडी तिच्यामागून अलगद पाण्यावर उतरते. आणि ती उतरवायची कुठे? मुख्य धारेत नाही. नदी एखाद्या बेटाला वळसा घालते तेव्हा मागच्या बाजूने एक बारीक फाटा निघतो. तिथे पाणी संथ, वर झाडांची सावली, किडे पडतात आणि मासा वर तोंड करून वाट बघत असतो. नदीचं खरं घर या मागच्या फाट्यांत असतं, पिल्लं तिथेच वाढतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गोऱ्या लोकांचे चोचले. आपल्याकडे मासे पकडतात ते खायला, शौक म्हणून कोण पकडतंय? मलाही तसंच वाटायचं. पण या विकांताला जरा खोदकाम केलं तेव्हा जी गोष्ट हाताला लागली, ती मारुंजीपासून सुरू होऊन कावेरीपर्यंत जाते आणि मधे चाकणलाही थांबते. म्हणून म्हटलं, लिहून टाकावी.

राजाचा गळ

सुरुवात बारा‍व्या शतकापासून करू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, आपल्या सीमेला अगदी खेटून. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ वेगळ्याच कारणासाठी ठाऊक असतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ओवीच्या इतिहासाचा हा एक जुना पुरावा.

पण त्याच ग्रंथात राजाने करायच्या करमणुकींची लांबलचक यादी आहे आणि त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे. विनोद म्हणजे इथे हसणं नव्हे, करमणूक. मासे कोणते, ते कुठे राहतात, कोणत्या माशाला काय खाऊ घालून पाळीव असल्यासारखं माणसाळवायचं, दोरी कसली, काठी कसली, आमिष कोणतं आणि मासा लागल्यावर त्याला दमवायचा कसा, याचं पद्धतशीर वर्णन. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक आणि मोठे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर एक शोधनिबंध लिहिला. एका राजाला मासा नुसता खायचा नव्हता, त्याला त्याच्याशी दोन हात करायचे होते. नऊशे वर्षांपूर्वी. थोडक्यात काय, शौक म्हणून गळ टाकणं ही काही आपल्याकडे साहेबाने आणलेली गोष्ट नाही.

सायक्ससाहेबाची यादी

साहेबाने मात्र एक वेगळी गोष्ट आणली: यादी.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. नव्या मुलखात आहे तरी काय काय, हे कंपनी सरकारला मोजायचं होतं. १८२४ मध्ये विल्यम हेन्री सायक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने सांख्यिकी अधिकारी नेमलं. आजच्या भाषेत डेटा कलेक्शनचा माणूस. याने १८३१ पर्यंत दख्खन पालथं घातलं. लोकसंख्या, पिकं, पाऊस, पक्षी, प्राणी, जे दिसेल ते टिपलं. आणि मासेही.

त्याची दख्खनच्या माशांवरची टिपणं १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात छापून आली आणि चित्रांसकट सविस्तर लेख १८४१ मध्ये. चाळीसहून अधिक जाती, त्यातल्या बहुतेक शास्त्राला नव्या. आता या जातींची नावं वाचा: फुलंगी, कोळस, कुतरणी, शिंगटी, आळकुटी, पानगट, खुद्री. कानाला ओळखीची वाटतात ना? लॅटिन नावांच्या शेपटीला चक्क मराठी शब्द! ही नावं सायक्सने लंडनमध्ये बसून रचलेली नाहीत हे उघड आहे. भीमेवर पेडगावला, घोड नदीवर शिरूरला, पुण्याला मुळा-मुठेवर ज्यांनी जाळी ओढून त्याच्यासमोर मासे ओतले, त्या भोयांनी आणि कोळ्यांनी ती सांगितली असणार. सायक्सच्या कानाला जशी लागली तशी त्याने रोमन लिपीत बसवली. माशांना नावं राहिली, सांगणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. इतिहासाचं हे नेहमीचंच.

या यादीत दोन मासे आपल्या कामाचे आहेत.

पहिला नुक्ता. नाकाडावर टेंगूळ असलेला, जरा विचित्र दिसणारा मासा. सायक्सने त्याचा पत्ता दिलाय तो असा: इंद्रायणी नदी, पुण्याच्या उत्तरेला अठरा मैल, चाकणजवळ. पुन्हा वाचा. चाकणजवळ! आज आपण चाकण म्हटलं की गाड्यांचे कारखाने, कंटेनरच्या रांगा आणि तळेगाव चौकातला ट्रॅफिक जॅम आठवतो. जगाच्या मत्स्यशास्त्रात मात्र चाकण हा या माशाचा मूळ पत्ता आहे. कोणत्याही देशातल्या संशोधकाने त्याची कुंडली काढली की जन्मस्थान म्हणून चाकण छापलेलं निघतं. मासा आता अतिशय विरळ झालाय, ही गोष्ट वेगळी.

दुसरा खुद्री. मुळा-मुठेत, पुण्याच्या पूर्वेला मिळाला. हा म्हणजे दख्खनचा महाशीर. मोठाले खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशा, परांवर निळसर झाक. जबड्यात दात नाहीत, पण घशात असे दात की गोगलगायीचं कवच फोडून काढतात. गोड्या पाण्यातला हा पैलवान. एकदा गळाला लागला की पहिली धाव अशी मारतो की चरकीवरची दोरी संपते की काय असं होतं. आजच्या या गोष्टीचा नायक हाच.

सायक्सची एक अडचण मात्र पुढे सगळ्यांना भोवली. वर्णनं त्रोटक, आणि ज्या माशांवरून वर्णन केलं ते नमुने आज कुठल्याच संग्रहालयात नाहीत. उरली ती चित्रं आणि शब्द. म्हणजे कोड आहे, पण टेस्ट केस एकही नाही. याचे परिणाम पुढे बघू.

ट्राउट हवा होता, महाशीर सापडला

इंग्रजांना हिंदुस्थानात घरच्या माशाची फार आठवण यायची. फ्रान्सिस डे या डॉक्टरने १८६० च्या दशकात निलगिरीत ट्राउट आणायचे प्रयत्न केले, ते फसले. काश्मीरमध्ये १९०० च्या आसपास जमलं. निलगिरीतही पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जमलं. पण ट्राउटला बारमाही थंड पाणी लागतं. सह्याद्रीच्या आपल्या नद्या एप्रिल-मे मध्ये कोमट होतात, त्यामुळे आपल्याकडे त्याचं काही चालणं शक्य नव्हतं.

मग साहेबाने इथलाच मासा शोधला. हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी. त्याने १८७३ मध्ये मंगळुरात 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक छापलं. त्याचं म्हणणं, आकाराच्या मानाने महाशीर सामनपेक्षाही कडवी झुंज देतो. झालं! महाशीर एकदम प्रतिष्ठित मासा झाला. नाचणीच्या पिठाचा गोळा, पितळी चमचा, पिसांची माशी, जे चालेल ते लावून लोक कावेरीवर जाऊ लागले. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने १९४६ मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर काढला. म्हणजे ५४ किलो. एखाद्या सडपातळ माणसाएवढा मासा! तो विक्रम अजून सांगितला जातो.

आता इथे एक बारीक गोष्ट. कावेरीतला हा राक्षस आणि मुळा-मुठेतला खुद्री हे एक नव्हेत. कावेरीतल्याच्या डोक्यामागे कुबड असतं, पर केशरी. त्याला कुबडा महाशीर म्हणतात. दोघं भाऊबंद, पण वेगळे.

धरण आणि चढण

पुन्हा घरी येऊ. मारुंजी मुळशी तालुक्यात येते. कागदपत्रांवर सही करताना आपण 'ता. मुळशी' लिहितो आणि पुढे जातो. पण ज्या मुळशीवरून तालुक्याचं नाव आहे, तिथे १९२० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीचं धरण झालं. पन्नासच्या आसपास गावं त्याखाली येत होती. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, १९२४ पर्यंत चालला, आणि हरला. धरण झालं. त्याआधीच लोणावळ्याची तळी झाली होती आणि खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं होतं.

या धरणांची कल्पना इंजिनियर म्हणून बघितली तर अफलातून आहे. सह्याद्रीचं पाणी नैसर्गिकरीत्या पूर्वेला जातं, मुळा-इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला, बंगालच्या उपसागरापर्यंत. ते कड्यावर अडवायचं आणि उलट पश्चिमेला, कोकणात, पाचशे मीटर खाली सोडायचं. वीज तयार. मुंबईच्या गिरण्या आणि लोकल त्या विजेवर चालल्या. पण त्याचा अर्थ असा की वाकड-बालेवाडीपाशी आपण पुलावरून जी मुळा बघतो, तिचं वरचं बरंचसं पाणी इकडे येतच नाही. ते भिऱ्याला जाऊन अरबी समुद्राला मिळतं. इंद्रायणीच्या उगमाकडच्या पाण्याचंही तेच, खोपोलीमार्गे.

माशाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? मावळ-मुळशीत जुन्या लोकांना 'चढणीचे मासे' विचारा. पहिला मोठा पाऊस झाला की मासे धारेच्या उलट वर चढतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात, कधी कधी थेट भातखाचरात. अंडी घालायची ती तिथे, जिथे पाणी उथळ, स्वच्छ आणि नवं असतं. लोक टोपल्या आणि जुनी लुगडी घेऊन रात्री कंदिलाच्या उजेडात बांधावर उभे राहायचे. अमेरिकेतला तो मागचा फाटा म्हणजे आपल्याकडे हा ओहोळ. पिल्लांची बालवाडी.

महाशीर यातलाच. पावसाळ्यात वर चढायचं, खडकाळ वाहत्या पाण्यात टप्प्याटप्प्याने अंडी घालायची. वाटेत भिंत आली की चढण संपली. धरणाच्या वर अडकलेला मासा तळ्यात मोठा होतो, तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी घुटमळतो. खालचा मासा खालीच राहतो. त्यात खाली सुरुंग आणि विष घालून मासे मारणारे. साठच्या दशकापर्यंत महाशीर कमी होतोय हे सगळ्यांना दिसू लागलं होतं.

ओल्या कापसातली अंडी

आता गोष्टीला वळण. ज्या कंपनीने नदी वळवली, तिनेच मासा वाचवायला घेतला.

डॉ. चि. वि. कुलकर्णी हे महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्यातले ज्येष्ठ शास्त्रज्ञ. लोणावळ्याच्या वळवण तळ्यातल्या खुद्रीचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. मासा अंडी कधी घालतो, कशी घालतो, पिल्लू कसं वाढतं, हे त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७०-७१ च्या सुमारास मांडलं. त्याच वेळी टाटांनी लोणावळ्याला महाशीर पैदास केंद्र सुरू केलं. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या जोडीने मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, नराचं वीर्य मिसळायचं आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पिल्लं काढायची, ही पद्धत पक्की बसवली.

त्यांची एक युक्ती मला फार आवडली. जिवंत पिल्लं दूर पाठवायची तर पाणी लागतं, प्राणवायू लागतो, वजन वाढतं. या दोघांनी फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठवायची पद्धत शोधली. महाशीराचं अंडं उबायला तीन-चार दिवस घेतं, तेवढ्यात ते देशात कुठेही पोचतं. १९७९ मध्ये हे एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं. पाणी न पाठवता मासा पाठवायचा! कमी बँडविड्थमध्ये सगळा डेटा. सलाम.

आणि मग लोणावळ्याची लाखो पिल्लं देशभर गेली. तळ्यांत, धरणांत, नद्यांत. खुद्री जागतिक यादीत 'धोक्यात' होता. पुढच्या फेरमूल्यांकनात तो 'कमीत कमी चिंता' या वर्गात आला. पन्नास वर्षांचं चिकाटीचं काम, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

गोष्ट इथे संपली असती तर तिला सुखान्त म्हणता आलं असतं.

कावेरीत काय झालं

सत्तरच्या दशकापासून खुद्रीची पिल्लं कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. हेतू शंभर टक्के चांगला. कावेरीतला महाशीर कमी होतोय, इकडे महाशीर भरपूर तयार होतोय, मग पाठवा. महाशीर तो महाशीर!

कावेरीवर गळवाल्यांची जुनी परंपरा होती. १९७२ मध्ये बंगळुरात स्थापन झालेली एक वन्यजीव संघटना नदीचे काही पट्टे सांभाळायची. पुढे गालिबोरसारखी शिबिरं आली. नियम असा, की पकडलेला मासा मोजायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं आणि परत सोडायचा. शौकीन लोकांची ही वही पुढे कामाला आली. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदींचं विश्लेषण केलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले.

निष्कर्ष असा, की निळ्या परांचा खुद्री भराभर वाढत गेला होता आणि कुबडा महाशीर जवळजवळ दिसेनासा झाला होता. जे थोडे कुबडे मिळत होते ते आकाराने मोठे होत चालले होते. ऐकायला छान वाटतं, पण याचा अर्थ भयंकर आहे. म्हातारे उरलेत, पिल्लं येतच नाहीत. फ्रेशर्सची भरती बंद झालेल्या कंपनीचं सरासरी वय वाढतं, तसं. वाळूउपसा, धरणं, सुरुंग हे सगळे शत्रू होतेच. पण त्यात घरात आणून सोडलेल्या या पाहुण्याने भर घातली, असं संशोधकांचं म्हणणं.

आणि आता सायक्सची ती जुनी अडचण. इतका प्रसिद्ध कुबडा महाशीर, पण त्याला पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं! कित्येक वर्षं लोक त्याला सायक्सच्या यादीतलं 'मुसल्ला' हे नाव लावत होते. तो मासा सायक्सला घोड नदीत शिरूरला मिळालेला. नमुना नाही, चित्रावरून अंदाज. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की सायक्सचा मुसल्ला महाशीर नव्हेच, तो वेगळ्याच प्रजातीतला मासा. मग कावेरीवाला कोण? २०१८ मध्ये जनुकीय तपासणी करून ठरलं की केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेला 'टॉर रेमादेवी' तो हाच. प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या के. रेमादेवी या शास्त्रज्ञ बाईंचं नाव त्याला आहे. या शोधनिबंधाच्या लेखकांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही आहेत. नाव ठरल्याबरोबर त्याच वर्षी तो 'अतिशय धोक्यात' या वर्गात गेला. तोवर नावच नाही म्हणून त्याला संरक्षणाच्या यादीतही जागा नव्हती.

आपल्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. प्रायमरी की चुकीची असेल तर बाकीचा टेबल कितीही सुंदर असू द्या, जॉइन चुकणारच. 'महाशीर' या एका शब्दाखाली दोन रेकॉर्ड होती. एकाचा बॅकअप दुसऱ्यावर रिस्टोअर झाला. आणि नदीला रोलबॅक नसतो.

कोलोरॅडोचाही हिरवा मासा

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. पुन्हा त्या कटथ्रोटकडे जाऊ. त्याची एक उपजात, हिरव्या पाठीचा कटथ्रोट, कोलोरॅडोतली. १९३० च्या दशकात ती संपली असं मानलं गेलं. पुढे काही ओढ्यांत सापडली, सरकारने मोठा कार्यक्रम हाती घेतला, वर्षानुवर्षं पिल्लं सोडली. १९९४ मध्ये तो राज्याचा अधिकृत मासा झाला. सगळीकडे आनंदीआनंद.

२०१२ मध्ये जेसिका मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयांतल्या दीडशे वर्षं जुन्या, दारूत बुडवून ठेवलेल्या माशांचा डीएनए काढला. कळलं काय, की इतकी वर्षं ज्याला हिरवा कटथ्रोट समजून वाढवलं ते बहुतेक मासे दुसऱ्याच उपजातीचे. खरा हिरवा कटथ्रोट उरला होता तो फक्त एका छोट्या ओढ्यात, सुमारे साडेसातशे मासे. आणि तो ओढाही त्याच्या मूळ खोऱ्याबाहेरचा. एकोणिसाव्या शतकात एका हॉटेलवाल्याने पाहुण्यांना गळ टाकायला मिळावा म्हणून तिथे मासे सोडले होते, त्यांचे हे वंशज. गळवाल्यांच्या हौसेने मासा चुकून वाचला होता!

फरक एवढाच, की त्यांच्याकडे जुने नमुने बाटल्यांत होते म्हणून चूक निस्तरता आली. सायक्सच्या माशांच्या बाटल्या आपल्याकडे नाहीत.

मग आपली नदी?

खुद्रीचं नाव जिच्यामुळे जगाला कळलं, त्या मुळा-मुठेचं काय? १९४२ मध्ये ए. जी. एल. फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी पुन्हा केली. २००३ मध्ये वाघ आणि घाटे या पुण्याच्या संशोधकांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा तपासले. या याद्या शेजारी ठेवल्या की शहरातल्या पट्ट्यात काय झालं ते दिसतं: सांडपाणी आलं, बाहेरचा तिलापिया आणि डासांसाठी सोडलेला गप्पी-गंबुशिया आला, आणि स्वच्छ वाहतं पाणी मागणारे मासे वरच्या अंगाला सरकले किंवा गेले. सायक्सने जिथे महाशीर बघितला तिथे आज महाशीर जगू शकणार नाही. लोणावळ्याची एक लाख पिल्लं आणून सोडली तरी नाही.

मला या सगळ्या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे. मासा वाचवणं आणि नदी वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रयोगशाळेत जमते, तिला कर्तबगारी लागते, ती मोजता येते, तिचा फोटो येतो. दुसरीला पाणी लागतं. खरोखरचं, पावसाळ्यात सोडलेलं पाणी. आणि जागा लागते. खुद्री आज नकाशावर सुखरूप आहे, पण स्वतःच्या गावात नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांसारखंच झालं त्याचं.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथे कुणी गळ टाकत नाही, जाळं टाकत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे महाशीर वर येतात. तिथे ना हॅचरी, ना प्रकल्प, ना बजेट. फक्त एक डोह सोडून दिलेला, आणि वरून वाहतं पाणी. देवीच्या नावाने का होईना, लोकांनी मासा आणि त्याची जागा दोन्ही एकत्र राखली. संशोधकांनी अलीकडे तिथल्या माशांचा अभ्यासही केलाय.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात नदीकाठ सुशोभीकरणाचं भूमिपूजन झालं. आपल्या बाजूलाही मुळेवर वाकड ते सांगवी असं काम पिंपरी-चिंचवड महापालिकेने घेतलं. सांडपाणी थांबवणं, काठ स्वच्छ करणं, याला कोण नाही म्हणेल? पण नकाशा बघताना एक प्रश्न जरूर विचारावा: बेटामागचा फाटा, काठावरची पाणथळ, ओढ्याचं तोंड, या गोष्टी त्यात कुठे आहेत? सरळ भिंतीचा काठ चालायला छान असतो, सकाळी जॉगिंग होतं. पण मासा सरळ भिंतीवर अंडी घालत नाही. त्याला वाकडीतिकडी नदी लागते.

मारुंजीच्या टेकडीवरून पावसाळ्यात उतरणारे ओहोळ आता सोसायट्यांच्या कंपाउंडखालून पाइपातून जातात. दर जुलैत रस्त्यावर पाणी तुंबलं की आपण बिल्डरला, ग्रामपंचायतीला, सरकारला शिव्या देतो. ते पाणी त्याच्या जुन्या वाटेने चाललेलं असतं, एवढंच. त्याच वाटेने उलट्या दिशेने कधीकाळी मासे चढत होते. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांपैकी किंवा दूध घालणाऱ्या गाववाल्यांपैकी साठीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना या पावसात चढणीच्या माशांबद्दल विचारा. कोणत्या ओढ्याला, कोणते, काय नावाचे. आणि नाव सांगितलं तर लिहून ठेवा, सांगणाऱ्याच्या नावासकट. सायक्सने तेवढं एक करायचं ठेवलं होतं.